एकशे वीस चीज बॉल्स

शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

माझी बायको रश्मी मुख्याध्यापिका झाली. ऑर्डर आज हातात पडली, पदभार सतरा तारखेपासून. सोळा तारखेला, रविवारी, घरीच पार्टी. शाळेचा स्टाफ, संस्थेचे सचिव महादेवराव, गल्लीतली मंडळी, मिळून तीसेक लोक. जेवण केटररचं. स्टार्टर मी करणार. हे मी फोन स्पीकरवर असताना जाहीर केलं. पलीकडे पुण्याहून आमची लेक जुईली होती. बराच वेळ काही बोलली नाही. नेटवर्क गेलं असावं.

आयटम: स्पायसी चीज बॉल्स. तीस गुणिले चार, एकशे वीस.

जूनमध्ये रिटायर झाल्यापासून मी नुसता बसून असतो असा एक समज या घरात पसरला आहे. आता बघा म्हणावं.

रविवार, २ फेब्रुवारी

तीन व्हिडिओ पाहिले. चौथा अर्धा. सोपं आहे. उकडलेला बटाटा, त्यात चीज, मिरची, वरून ब्रेडचा चुरा, तळणे. हा स्वयंपाक नाहीच, थर्मोडायनॅमिक्स आहे. ज्युनिअर कॉलेजात बत्तीस वर्षं तेच शिकवलं.

संकल्प: रोज एक ट्रायल. प्रत्येकीची नोंद. सल्ला कोणाचाही नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ट्रायल एक. (कालचा दिवस झारा शोधण्यात गेला. तो नेहमीच्याच जागी होता, त्यामुळे सापडला नाही.)

बारा गोळे कढईत सोडले. चाळीस सेकंद अतिशय देखणे दिसत होते. मग एकाला भोक पडलं, त्याचं बघून बाकीच्यांनाही. चीज बाहेर, तेल आत. शेवटी बारा पोकळ टरफलं उरली आणि कढईच्या तळाशी चीजची एक पोळी. ती खरवडून खाल्ली. चव चांगली होती. म्हणजे थिअरी बरोबर आहे, चीज हलकं निघालं.

रश्मीने शाळेतून आल्यावर छतावरच्या तेलाच्या शिंतोड्यांकडे पाहिलं आणि खिडक्या उघडल्या.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सकाळच्या एसटीने अकोल्याहून सासूबाई आल्या. माणिकबाई. वय चौऱ्याहत्तर, हातात दोन पिशव्या, पाणी न पिता थेट स्वयंपाकघरात. माझी ट्रायल दोन चालू होती. दोन मिनिटं कढईत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जवाईबापू, हे फुटून काहून राहिले?"

त्यांना सरफेस टेन्शन समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ते असंन. पण तेल तापलं नाही ना बापा. मी सांबारवड्या करतो, तुमी बसा हॉलमंधी."

नम्रपणे नकार दिला. जुन्या पिढीला चीज कळत नाही. सांबारवडी काय, कोणीही करतं. सांबार चिरायचा, मसाला परतायचा, पारीत गुंडाळायचा. (सांबाराला जुईली हल्ली कोथिंबीर म्हणते. पुण्याचा परिणाम.)

शनिवार, ८ फेब्रुवारी

हे एका डोळ्याने लिहितो आहे. स्पायसी म्हणजे स्पायसी, म्हणून भिवापुरी मिरची आणून स्वतः कुटली. मग चष्मा काढून डोळा पुसला. इथे चूक चष्म्याची आहे, त्याची काच नेहमी धूसर असते.

सासूबाईंनी डोळ्यावर दुधाचा बोळा ठेवला. ठेवताना हसत होत्या असं वाटलं, पण एका डोळ्याने नीट दिसत नाही.

रोज एक ट्रायलचा संकल्प डोळ्यामुळे स्थगित.

बुधवार, १२ फेब्रुवारी

यश! बारापैकी नऊ शाबूत. (तेल जास्त तापवलं. हे माझं मलाच सुचलं.)

शेजारच्या उत्तमरावांना टेस्टिंगला बोलावलं. पाच खाल्ले. एकामागून एक, पेपर वाचत. पाणी नाही, सुस्कारा नाही, डोळ्यांत टिपूस नाही. म्हणजे तिखट कमी पडतंय. प्रमाण दुप्पट केलं.

संध्याकाळी त्यांच्या मिसेस वाटी परत द्यायला आल्या. त्यांच्याकडून कळलं की नाकाच्या ऑपरेशनपासून उत्तमरावांना चवच लागत नाही. दोन वर्षं झाली. रश्मी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, उलट बरं झालं, पूर्वग्रह नसलेला परीक्षक मिळाला. प्रमाण बदललं नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

जुईली आली. आल्या आल्या, बाबा, प्लॅन बी काय आहे? तिला सांगितलं, प्लॅन बी म्हणजे प्लॅन ए चा अपमान.

एकशे वीस गोळे वळून फ्रीजरमध्ये. जागेसाठी मटारची पिशवी आणि बर्फाचे ट्रे हलवावे लागले. गोळ्यांची रांग बघून छाती भरून आली. रश्मीला बोलावून दाखवली. छान गोल झालेत, म्हणाली. आणि फ्रीजर बंद केला. तिला भावना दाखवता येत नाहीत.

दुपारी आजी-नात बाजारात गेल्या. आठ जुड्या सांबार घेऊन आल्या. सासूबाईंना हिरवीगार भाजी दिसली की राहवत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ब्रेडचा चुरा कमी वाटला. मिक्सरची वायर पोचेना, म्हणून जवळचा एक प्लग काढून मिक्सर लावला. उत्तम चुरा. किचन स्वतः आवरलं. जुईली आणि सासूबाई दिवसभर उत्तमरावांकडे होत्या. एवढं काय बोलत असतील?

रविवार, १६ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

काढलेला प्लग फ्रीजचा होता.

सकाळी ७.४०

घाबरण्यासारखं काही नाही. गोळे थोडे बसले आहेत इतकंच. बॉल्सऐवजी टिक्की म्हणता येईल.

दुपारी ४.००

पुन्हा वळले. पुन्हा बसले. रश्मी साडीला पिन लावता लावता आत डोकावली आणि म्हणाली, अहो, राहू द्या ना. तिला माझी दगदग बघवत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

पार्टी प्रचंड यशस्वी. शांतपणे लिहितो.

एकशे वीसपैकी अखंड चौदा निघाले. टक्केवारी कमी, पण क्वालिटी! प्लेट घेऊन मी स्वतः हॉलमध्ये गेलो आणि महादेवरावांसमोर धरली. त्यांनी दोन एकदम तोंडात टाकले आणि लगेच रश्मीबद्दल दोन शब्द बोलायला उभे राहिले. "रश्मीताईंनी या शाळेसाठी," एवढंच म्हणाले आणि आवाज बंद झाला. चेहरा लाल. डोळ्यांतून घळाघळा पाणी. एक हात छातीवर, दुसरा हवेत. मिनिटभराने फक्त "पाणी" म्हणाले आणि बसले. मला माहीत नव्हतं की ते इतके हळवे आहेत. कर्मचाऱ्यांवर एवढा जीव असलेला सचिव नशिबानेच मिळतो.

मी परत कढईपाशी गेलो. पण हॉलमधून आवाज येत होते. अजून आहेत का? इकडे द्या! जुईली रिकामे ट्रे घेऊन आत, भरलेले घेऊन बाहेर. माझ्या चौदा नगांना एवढं पुरवून वाढलं, पोरगी हुशार आहे.

आत्ता उठलो तर व्हॉट्सॲपवर अकरा मेसेज. स्टार्टर एक नंबर, तोडच नाही, वगैरे. सगळ्यांना एकच उत्तर टाकलं: "रेसिपी सिक्रेट आहे." शाळेच्या पौर्णिमा मॅडमनी विचारलंय की सांबार किती घातला. माझ्यात सांबार नाहीच. लोकांना चव कळते, घटक कळत नाहीत.

सकाळी १०.२०

जुईलीने सांगितलं. आजीने शनिवारी उत्तमरावांच्या किचनमध्ये दोनशे सांबारवड्या करून ठेवल्या होत्या. पाहुणे आले की गरम करून मागच्या दाराने आणायच्या, असं ठरलं होतं. एकही उरली नाही. मनी प्लँटच्या कुंडीत मात्र अर्धवट खाल्लेले नऊ चीज बॉल्स सापडले, सोफ्याखाली दोन. चौदावा कुठे आहे ते कळलेलं नाही. महादेवरावांचा सकाळीच फोन आला होता, आता बोलता येतंय म्हणाले.

सासूबाईंना विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाल्या, "तुमी एवढे मन लावून करून राहिले होते. कोन सांगंन तुमाले?" आणि माझ्यापुढे बशी ठेवली. पहाटे ताज्या केलेल्या चार वड्या. खाल्ल्या. काय लिहिणार.

रश्मी शाळेत निघाली होती. मुख्याध्यापिका म्हणून पहिला दिवस. स्कूटरपाशी गाठलं आणि म्हटलं, ठीक आहे, लोकांचं सोड, तू तरी एक खाल्लास ना?

म्हणाली, नाही हो. मला चीज आवडत नाही.

कधीपासून?

लग्नाच्या आधीपासून.

सत्तावीस वर्षं! म्हटलं, मग पहिल्याच दिवशी बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही विचारलं कुठे, तुम्ही जाहीर केलं. रागावून नाही. हेल्मेटचा पट्टा लावता लावता, हसत. मग हात केला आणि गेली.

स्कूटर कोपऱ्यावर वळेपर्यंत फाटकात उभा होतो. काय आवडतं, ते विचारायचं राहूनच गेलं.