कपभर पाणी आणि पोलादी रॉड

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू तुझ्या दाजींना ‘बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवायची अक्कल कोणी दिली?’ असे सुनावलेस, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. (यांना कमी ऐकू येते, म्हणून स्पीकर लावतात. मी शेजारच्या खोलीत होते.) हे ‘चुकलं बाबा’ म्हणाले आणि कात्री घेऊन कुंड्यांपाशी गेले. यांना काही लागले की झाडांना भोगावे लागते. तुझी पाठ बरी असेल असे गृहीत धरते.

आता गाडी. तू ती माझ्या भरवशावर तळघरात ठेवलीस आणि पुराचे पाणी तिच्यात स्टिअरिंगपर्यंत दीड दिवस उभे राहिले. ओसरल्यावर पाहिले, तर चिखलाची रेघ चारही दारांवरून इतकी सरळ गेलेली की सुताराने लाजावे. हेडलाइटमध्ये पाणी, सीटखाली गाळ आणि मागच्या सीटवर एक बेडूक, थेट तुझ्या मालकी थाटात. चौथ्या दिवशी गॅरेजात बॅटरी जोडली, तर कोणी हात न लावता वायपर हलू लागले, काचा खाली गेल्या, हॉर्न बोंबलू लागला. मेकॅनिक म्हणाला, “मावशी, वायरी आतून हिरव्या पडल्यात. पाणी गेलं, पण त्याचं काम अजून चालूच आहे.”

मग त्याने इंजिन उघडून एक रॉड माझ्या हातात दिला. बोटाहून जाड पोलाद, पण केसातल्या पिनेसारखे वाकलेले! “कपभर पाणी, मावशी. आत पाणी असताना किल्ली फिरवली. पाणी दबत नाही, मग रॉड वाकतो. नुसती ओढून आणली असती तर इंजिन वाचलं असतं.” धाकट्या, पाणी दाबले जात नाही हे मी कॉलेजात शिकले, परीक्षेत सहापैकी सहा गुण मिळवले. ते खरे असते हे चाळीस वर्षांनी तळहातावर कळले. मी तो रॉड इतका वेळ उलटसुलट करून पाहत राहिले की मेकॅनिकने घाबरून विचारले, “पाणी देऊ का?”

तुझी,
ताई

ता. क. किल्ली मी फिरवली. हे दोनदा ‘नको’ म्हणाले होते. ‘तुम्हाला गाडीतलं काय कळतं?’ असे मी विचारले होते.

पुन्हा ता. क. आजच यांना फोन करून नीट माफी माग. मी लिहिले हे सांगू नकोस, मेकॅनिककडून कळले म्हण. (त्याच्याशी मी बोलून ठेवले आहे.) माझ्यासाठी यांनी पहिल्यांदाच खोटे बोलून दाखवले, ते वाया जायला नको.

सोबत पाठवले: किल्ल्या दोन. गाडीची कागदपत्रे, वाळवून इस्त्री केलेली. विम्याचा अर्ज एक, ‘किल्ली मी फिरवली’ असे लिहून खाली माझी सही. बेडूक कुंड्यांत सोडला. रॉड पाठवलेला नाही. तो माझ्या टेबलावर राहील, मला दिसेल असा.