मंगळवारी घरात कोण येतं

प्रिय टिल्लू,

सहा फूट उंच झालास, मिशी पिकायला लागली, तरी माझ्या तोंडी दुसरं नाव येत नाही. फोनवर तू मध्येच बोलायला लागतोस आणि मी गप्प बसते, म्हणून लिहितेय. गुडघा कसा आहे? आमचे तीन जिने चढवत नाहीत म्हणून तू वर्षभर आला नाहीस, असं मी परवापर्यंत सगळ्यांना सांगत होते.

तुझे भावोजी सैन्यातून परत आले त्याला आता चौथं वर्ष लागलं. पहिलं वर्ष तू पाहिलंसच. कुठे दार आपटलं की भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, झोपेत माझं मनगट काळंनिळं होईपर्यंत आवळायचे. मग वाचनालयात फाटक्या पुस्तकांच्या बांधणीचं काम मिळालं आणि हळूहळू माणसात आले. सुईत दोरा ओवताना शीळ घालतात, असं मी तुला किती कौतुकानं कळवलं होतं.

आठेक महिन्यांपूर्वी हे नवीन सुरू झालं. दर मंगळवारी आम्ही यांच्या मनाच्या डॉक्टरांकडे जातो; एकदा तिथून परत आलो, तर हे उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, घरात कुणीतरी येऊन गेलंय. मला तर सगळं जागच्या जागी दिसत होतं. यांनी माळ्यावरची बॅग दाखवली. तिचा पट्टा हे नेहमी चौथ्या भोकात अडकवतात, तो तिसऱ्यात होता. मी म्हटलं, अहो, मीच काढली होती. मी काढली नव्हती. विषय मिटावा म्हणून खोटं बोलले. पुढे कधी गादीचा कोपरा, कधी कपाटातल्या शर्टांची चळत. हे वहीत तारीख घालून लिहून ठेवायला लागले. आधी दूधवाल्यावर संशय, मग मीटर बघायला येणाऱ्यावर, आणि एक दिवस माझ्यावर. माझ्या चेहऱ्याकडे न बघता, हातांकडे बघत विचारलं, "तू कुणाला आत घेतेस का?" एकवीस वर्षांच्या संसारानंतर हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवताना मला अक्षरं दिसेनात.

मग मीही तशीच झाले. वाटायचं, हेच वस्तू हलवतात आणि विसरतात. हे आंघोळीला गेले की मी खिसे चाचपायचे, वही वाचायचे. शेवटी वही डॉक्टरांना नेऊन दाखवली. ते म्हणाले, नेमका मंगळवारीच त्रास होतो, म्हणजे इथे बोलल्यानं जुनं ढवळून निघतंय. गोळ्या वाढवल्या. मी मान हलवली. त्या गोळ्यांनी यांचे हात थरथरायला लागले. गेल्या महिन्यात पुठ्ठा कापायची सुरी अंगठ्यात हाडापर्यंत गेली. वाचनालयानं गोड शब्दांत सांगितलं, थोडे दिवस आराम करा. तेव्हापासून हे दाराकडे तोंड करून बसून असतात.

बुधवारी मी उसवलेला एप्रन घेऊन तळमजल्यावरच्या शिंपिणीकडे गेले. तोंडात टाचण्या धरून ती म्हणाली, "तुमचा भाऊ गुणाचा आहे हो. मंगळवारी येतो बघा, लंगडत लंगडत वर जातो, अर्ध्या तासात उतरतो. तुम्ही नसताना घर बघतो." मी हसून हो म्हटलं आणि कठडा धरून तीन जिने चढले.

किल्ली मीच दिली होती, हे दवाखान्यात होते तेव्हा झाडांना पाणी घालायला. मंगळवारची वेळही मीच सांगितली होती. तू काय शोधत होतास तेही मला ठाऊक आहे. आत्याच्या तेराव्याला मला बाजूला घेऊन विचारलं होतंस, भावोजींनी सैन्यातून एखादं हत्यार आणलं नसेल ना, ताई, तुझ्या जिवाला काही झालं तर? मी नाही म्हटलं. तुला पटलं नाही. तुझ्यावर धड रागावताही येत नाही रे, कारण हे परत आले त्याच आठवड्यात ती बॅग मी स्वतः उपसली होती. आत एक गणवेश आहे आणि गेलेल्या मित्राच्या आईची पत्रं. ती तूही वाचली असशील.

त्याच संध्याकाळी मी यांना सांगितलं, तुमचं बरोबर होतं, कुणीतरी खरंच येत होतं, आणि पट्ट्याचं मी खोटं बोलले. तुझं नाव घेतलं नाही. वाटलं, आता भांडी फुटतील. हे स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले. मग वही आणून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "चौदा वेळा लिहिलंय. यातलं खरं किती आणि माझ्या डोक्यातलं किती, एवढं सांग." कोण आलं होतं हे विचारलंसुद्धा नाही. ते मला ठाऊक नाही. डॉक्टरांनाही नाही. ते फक्त तुला माहीत आहे. म्हणून रविवारी सकाळी ये, दार वाजवून ये. यांच्यासमोर बस आणि एकेक तारीख वाचून सांग, ही माझी, ही माझी नाही. जी तुझी नसेल ती मला वाईट वाटेल म्हणून स्वतःवर घेऊ नकोस. त्यानंतर हे तुला जे काही बोलतील ते ऐकून घे. मी मध्ये पडणार नाही.

तुझीच, पण रविवारी यांच्या बाजूला बसणारी,
ताई