ऑक्टोबरच्या वहीची पाठ

मी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पुस्तकबांधणी, दोन मुलांची आई आणि एका नातीची आजी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. अक्षर हलते आहे तो हाताचा दोष, डोक्याचा नाही. अशा कागदात 'कोणाच्याही दडपणाखाली नाही' असे लिहायचे असते, वकीलसाहेबांनी दोनदा बजावले. ते मी लिहिणार नाही. दडपण आहे. मला भीती वाटते, आणि ती मरणाची नाही. बाकी सगळे राजीखुशीने लिहिले आहे.

कलम १. राहते घर दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. थोरल्याने एकदा भरल्या ताटावर मला सुनावले होते, "आई, मोर्चे पुरे झाले. आता चारचौघींसारखी वाग." मी ते विसरलेले नाही. म्हणून रस्त्याकडची हवेशीर खोली धाकट्याची, आणि मागची, जिथे आम्ही फलक रंगवायचो, ती थोरल्याची. भिंतीवर लाल रंगाचे डाग आहेत. त्यावर चुना फासू नये.

कलम २. लोखंडी कपाट थोरल्या जाऊबाईंना. गेली तीस वर्षे त्यांचा त्यावर डोळा आहे. मी तुरुंगात आठ दिवस काढून आले तेव्हा "घरात पाय ठेवण्याआधी अंघोळ कर" म्हणाल्या होत्या, पण तेवढे दिवस माझी दोन्ही पोरे त्यांनीच जेवू घातली. हिशेब फिटला. कपाटाची किल्ली अडते. त्यांनीही जरा खटपट करावी.

कलम ३. बँकेत जे उरेल ते कामगार बायकांच्या पाळणाघराला. ते मिळावे म्हणून आम्ही सव्वीस जणी पोरे कडेवर घेऊन मोठ्या साहेबांच्या दालनात बसलो होतो. धाकटा चार महिन्यांचा होता. त्याने साहेबांच्या गालिच्यावर शू केली आणि तासाभरात मागणी मान्य झाली. शूमुळेच झाली असे मी म्हणत नाही.

कलम ४. दुकान, पुस्तके दाबायचा शिकंजा, कापायच्या दोन्ही रापी, भोके पाडायची अरी, सुया, सरस वितळवायची शेगडी व भांडे, हे सर्व नातीला. तिच्या हातात माझ्यापेक्षा जास्त कला आहे. हे मी तिला तोंडावर कधी बोलले नाही, ती लगेच शेफारते. हे मृत्युपत्र आधी तिनेच एकटीने उघडावे, मग इतरांना वाचून दाखवावे.

पुढच्या पानावरच्या मजकुराला आकडा दिलेला नाही. बाळा, ते पान शिवलेलेही नाही, नुसते पिठाच्या खळीने डकवले आहे. वाचून झाले की कडेने ओढ, खूण न ठेवता निघेल. मग ते जाळ. मी जाळायला हवे होते तसे.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी आमच्या कामगार संघटनेवर बंदी आली. आम्ही नऊ जणांनी याच दुकानात, तरीही काम चालू ठेवू अशी शपथ लिहून खाली सह्या केल्या. पहिली सही माझी, दुसरी तुझ्या आजोबांची. त्याच दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला सरकारी गोदाम पेटले आणि आतला पहारेकरी मेला. आगीशी आमचा काडीचा संबंध नव्हता. पण कागदावर तारीख तीच, आणि वर 'काहीही झाले तरी' असे शब्द. ते माझेच, मला फार मिरवायची हौस होती.

कागद मी रद्दीच्या ढिगात सरकवला. बांधणाऱ्याच्या दुकानात कागद लपवायला याहून चांगली जागा कोणती! आणि दुपारी कचेरीच्या जन्ममृत्यूच्या बारा वह्या बांधायला घेतल्या, दर महिन्याची एक. सरस संपला होता, सगळे काम खळीवर केले. पाठीला आतून अस्तर लावायला कागद लागतो, तो आपण कुठून घेतो? हात आपोआप ढिगाकडे जातो, डोळे बघतही नाहीत. वह्या गेल्यावर कागद शोधू लागले, तो ढिगात नव्हता. बारांपैकी एका वहीच्या पाठीत गेला होता.

बाकीच्यांनी विचारले, "कागदाचे काय केलेस?" मी म्हणाले, "सरसाच्या शेगडीत घातला." त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. ते बघून खरे सांगायची हिंमतच झाली नाही.

तेव्हापासून कचेरीच्या वह्यांची दुरुस्ती मी फुकट करते. तुझा काका त्याला हमाली म्हणतो, म्हणू दे. एकेक वही खिळखिळी होऊन आली, मी पाठ सोडवली, अस्तर पाहिले. अकरा वह्या झाल्या. ऑक्टोबरची कधी आलीच नाही. इतकी पक्की बांधली मेलीला, की तुटता तुटेना! आयुष्यात आपल्याच चांगल्या कामाला मी शिव्या दिल्या त्या एवढ्याच.

आता त्या सगळ्या वह्यांची पाने सुटी करून फोटो काढणार आहेत, आणि पाठी उसवायचे काम तुला मिळाले आहे. तू पेढे घेऊन आलीस तेव्हा माझ्या हातातला कप पडला, तो म्हातारपणामुळे नव्हे. गेल्या महिन्यात दोन माणसे येऊन बसली होती. गोड बोलत होती. गोदामाची फाइल पुन्हा उघडली आहे, तुमच्याकडे जुने कागद आहेत का, म्हणाली. तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजले की मी मोजते, एकाचे की दोघांचे.

मला सोडून नवांतले तिघे अजून आहेत. त्यांची मुले नोकऱ्यांत आहेत, नातवंडे शाळेत आहेत. ऑक्टोबरची वही पहिल्याच दिवशी घे. कचेरीतला साहेब समोर बसलेला असेल. पाठ ओली करून अस्तर एका तुकड्यात सोडव, चुरगळ, हात पुसल्यासारखे कर आणि खळीच्या डब्यात बुडव. थांबून वाचू नकोस. आजोबांची सही दिसेल, तरी थांबू नकोस. आधी सांगितले नाही, कारण तुला खोटे पचत नाही, कान लाल होतात. तोवर जगले तर मीच तुझ्याशेजारी स्टूल टाकून बसेन. नाही जगले, तर माझी भीती तुझ्या गळ्यात पडते आहे. मला माफ कर गं.

साक्षीला बोलावलेले जुळारी आणि नर्सबाई त्या तिघांपैकीच. त्यांना यातले काही कळू देऊ नकोस. निदान ते तरी इतकी वर्षे सुखाने झोपले.

कलम ५. माझ्यामागे भाषणे नकोत. दुकान एक दिवसही बंद ठेवू नये.

ठिकाण: बांधणीचे दुकान, खिडकीजवळचे टेबल. तारीख: चालू महिन्याची नऊ, दुपार.

लिहून देणारीची सही केली आहे. मजकूर झाकून साक्षीदारांपुढे ठेवला आहे.

साक्षीदार पहिली, नर्सबाई, निवृत्त: हिने माझ्यादेखत सही केली. मी चष्मा विसरले आहे, ओळ वाकडी गेल्यास दोष नसावा.

साक्षीदार दुसरा, छापखान्यातला जुळारी, निवृत्त: हिने माझ्यादेखत सही केली. मजकूर मी वाचलेला नाही. पण त्या दिवशी हात शेकायला मी तुझ्या शेगडीपाशी गेलो होतो. शेगडी थंडगार होती. तू आणखी घाबरशील म्हणून आजवर विचारले नाही.