आईचं हव

१२ ऑगस्ट
आईचा उजवा हात कोपराच्या वरून काढला. सुताच्या कारखान्यात मशीननं ओढलता. इंजेक्शननं गुंगीत आहे. काहीही विचारलं तं मान डोलवून हव म्हणते. पाणी पाहिजे? हव. नको? हव.

१४ ऑगस्ट
गरिबाच्या केसी फुकट लढणाऱ्या वकील मॅडम वॉर्डात आलत्या. आईले विचारलं, कारखान्यावर केस करायची? हव. मग उलटं विचारलं, राहू द्यायची? हव. मॅडमनं अंगठा घ्यायचा कागद परत बॅगमध्ये टाकला.
मी म्हणलं, मी धरते तिचा अंगठा. कशी बोलली माहीत नाही.
"तिला समजल्याशिवाय मी नाही घेत गं."
राग आला. माझी शाळा कायमची सुटली तवाही एवढा नव्हता आला.

१६ ऑगस्ट
कारखान्याचे मॅनेजर आले, सफरचंदं घेऊन. सोबत त्यायचा वकील. म्हणे आम्ही मदतच करून राहिलो, दवाखान्याचं मालक पाहून घेतील, फक्त इथं अंगठा. काकू, ठीक आहे ना? आई म्हणे, हव.
मी तिथंच उभी. तिले काही समजत नाही जी, एवढंच म्हणायचं होतं. ओठापर्यंत आलं अन्...
डावा अंगठा शाईत दाबून घेतला. कागद मले उलटा दिसे, तरी वाचला. मशीन चालू असताना स्वतःच्या चुकीनं हात घातला, असं लिहिलं.
ते गेल्यावर बाजूच्या बेडवरची आजी म्हणे, "मूग गिळून बसली होती का वं?"

१७ ऑगस्ट
बर्डीच्या बाजारात मॅडमच्या ऑफिसात गेली. खाली पाहूनच सगळं सांगितलं. मॅडम म्हणल्या, माझंही चुकलं, ती शुद्धीत नाही हे डॉक्टरकडून तेव्हाच लिहून घ्यायला पाहिजे होतं. तो कागद खोटा पाडता येईल म्हणे. पण अंगठा घेताना पाहणारं कोणी साक्षीले पाहिजे. आईचं माणूस तिथं मी एकटीच होती.
म्हणलं, लिहून देते.
"दे. पण जजसमोर बोलावंही लागेल. मी जबरदस्ती नाही करणार."
जबरदस्ती केली असती तं बरं झालं असतं.

१९ ऑगस्ट
आई आज नीट जागी. नावानं हाक मारली मले. पट्टीकडे पाहिलंच नाही, डावा हातच पाहून राहिली.
"अंगठा काहून निळा वं?"
शाई आहे म्हणलं.
"कशाची?"
सांगते, आधी जेव. चार घास चारले. तोंड पुसलं.
आता परत विचारून राहिली.