पुण्य ज्याचं त्याला

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार.

चार महिन्यांपूर्वी दिवसकार्य उरकून तुम्ही सगळे गेलात, त्या सकाळी मी चादरी भिजवल्या, केर काढला, दूध तापवलं आणि बघते तर साबण संपलेला. म्हणून खालच्या दुकानात गेले. पण ते मागाहून लिहिते. आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा.

मी बरी आहे. शिवणयंत्राचा पट्टा बदलून घेतला, रखडलेली कामं मार्गी लागली. वाचनालयातून समुद्रप्रवासाचं एक जाडजूड पुस्तक आणलंय. शब्द अडला की तसाच ठेवून पुढे जाते. दोन पानांनी आपोआप कळतो.

तुम्ही लिहिलंत, "वहिनी, दादाच्या क्रेडिट कार्डावर पॉइंट साठलेत, त्यातून विमानाचं तिकीट काढ आणि ये." साठलेत खरे. तुमच्या दादांनी ते तुमच्याकडे यायलाच जमवले होते, आम्हा दोघांना पुरतील इतके. पॉइंटांना ते पुण्य म्हणायचे, ठाऊक आहे ना? वाणसामान, वीजबिल, औषधं, सगळं कार्डावर. आणि बिल आलं की मुदतीच्या आत पुरतं भरायचं, एक पैसा मागे ठेवायचा नाही. "जे एरवीही घेणारच होतो तेवढंच घ्यायचं," म्हणायचे. "पुण्य मिळावं म्हणून खर्च केला की ते पाप. आणि बिल थकवलं तर व्याज असं चढतं की सात पिढ्यांचं पुण्य धुऊन निघेल." मी म्हणे, "पुरे, कीर्तन आवरा, दूध उतू जातंय."

त्यांच्याच खात्यावरचं जोडकार्ड माझ्याकडे असतं. मी कुठेही ते चालवलं की संदेश त्यांच्या फोनवर येतो. दुकान आमच्या खिडकीखालीच. मी पैसे दिले रे दिले की वर फोन वाजायचा आणि हे खिडकीतून डोकवायचे. "आता काय घेतलंस?" दुकानदार हसून म्हणायचा, "काकू, तुमची चोरी लगेच पकडली जाते."

आता त्या सकाळचं सांगते. साबण घेतला, सवयीने कार्ड दिलं. साबण पिशवीत टाकते तोच वर त्यांचा फोन वाजला.

मी मान वर केली. खिडकी उघडी होती.

वन्सं, तेव्हापासून मी तो फोन चार्जिंगला लावून खिडकीशी ठेवते. बँकेला अजून काहीच कळवलेलं नाही. यादी करून एकदम सामान आणायची मी, आता एकेक वस्तू आणते. सकाळी काडेपेटी, दुपारी मीठ, संध्याकाळी दोऱ्याचं रीळ. दुकानदार म्हणाला, "काकू, इतकं मीठ कुठे घालता?" मी म्हटलं, "जीभ गेलीय रे माझी." फडताळात मिठाचे पुडे रचून ठेवलेत. बिल मात्र दर वेळी मुदतीत पुरतं भरते. तेवढंच त्यांचं राखलं. बाकी ते ज्याला पाप म्हणायचे, तेच करत आले.

परवा त्याच फोनवर बँकेतल्या एका मुलीचा फोन आला. साहेब कार्ड फार शिस्तीने वापरतात, त्यांची मर्यादा वाढवून द्यायची आहे, म्हणाली. साहेब आहेत का? मी म्हटलं, "बाहेर गेलेत." कधी येतील? मी म्हटलं, "विचारून सांगते."

फोन ठेवला आणि खरंच आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. उंबऱ्यावर भान आलं. वन्सं, मला माझीच भीती वाटली. कार्डाबरोबर आलेली बारीक अक्षरांतली माहिती मग भिंग लावून वाचली. मूळ माणूस गेला की जोडकार्ड वापरायचं नाही, आणि त्याचे पॉइंट दुसऱ्या कुणाला मिळत नाहीत. तेव्हा त्या तिकिटावर मी येणार नाही. तुम्ही रागावू नका.

पत्र इथेच थांबवते. उद्या पुरं करून टाकेन.

दि. १०

आज मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत गेले. शेवटचं बिल भरलं. काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही कार्डं कात्रीने कापली. म्हणाल्या, "आजी, पॉइंट खूप होते हो. आधी सांगितलं असतंत तरी देता आले नसते म्हणा." मी म्हटलं, "असू दे. पुण्य ज्याचं त्याला."

तिथूनच बसस्थानकावर जाऊन तुमच्याकडे यायचं तिकीट काढलं. एकच. रविवारी पोचते. मीठ घेऊन येते, तुम्ही विकत घेऊ नका.

परतताना खालच्या दुकानातून एक साबण घेतला. रोख पैसे दिले. आणि जरा वेळ तिथेच उभी राहिले.

तुमची,
वहिनी