उघडलेले डोळे

दादर, मुंबई
८ मार्च १९७१

ती. नीळकंठदादास,

पद्मजाचा नमस्कार. रागावले आहे, तरी वाकून केला आहे.

पाकीट मिळालं. दादा, तू हे काय करून ठेवलंस? नेव्हिल आपल्या खामगावात जिनिंग कारखान्याच्या आवारात सरकीच्या पोत्यावर बसून गात होता, तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. गाताना तो मिटतोच. त्या एका फोटोसाठी मी त्याच्या रॉक बँडच्या मागे आधी इथल्या रेकॉर्डिंग स्टुडिओत उभी राहिले, मग नागपूरच्या वाटेवर त्यांच्या व्हॅनमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली. तुझ्या डार्करूममध्ये फिल्म धुतली, वाळत टाकली आणि पुढे गेले, कारण भाऊ आपलाच! तर तू चाकूने खरवडून त्याला बुबुळं काढलीस, पेन्सिलीने पांढरं भरलंस. तेही प्रिंटवर नाही, थेट निगेटिव्हवर! आता तो तिकीट तपासनीसासारखा टक लावून बघतोय.

रेकॉर्डच्या कव्हरसाठी मिटल्या डोळ्यांचा फोटो आणते, असा मी शब्द दिला होता. खाली माझं नाव छापणार होते. कंपनीचे साहेब पोट धरून हसले आणि काम दुसऱ्याला दिलं. वर तू लिहितोस, दुरुस्त करून पाठवत आहे! घरातला बाबांचा फोटो रोज बघतोस ना? त्या डोळ्यांत कुणी लुडबुड केली नाही, म्हणून ते अजून माझ्याकडे बघतात.

लोभ असावा, पण तो माझ्या निगेटिव्हवर काढू नये.

तुझी,
पद्मजा


खामगाव
१३ मार्च १९७१

चि. पद्मजास,

आशीर्वाद. चिडलो म्हणून ते कमी करत नाही.

आपल्याकडे मिटल्या डोळ्यांचा फोटो मेलेल्या माणसाचाच असतो, हे फोटो स्टुडिओवाल्याच्या पोरीला मी सांगावं? त्या लांब केसवाल्याला तुझ्या वहिनीने पोटभर जेवू घातलं होतं. फोटो बघून ती घाबरली. म्हणाली, एवढं जित्तं पोरगं मढ्यासारखं काऊन दिसून राह्यलं? त्याचं वाईट होऊ नये म्हणून डोळे ताणून मी ते काम केलं. मिटलेलेच ठेव, असं तू सांगून गेली नव्हतीस.

आणि बाबांना मध्ये आणलंस, तर ऐक. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या त्या माणसाचा स्वतःचा एकही नव्हता. ते गेले त्या सकाळी त्यांना भिंतीला टेकवून मीच काढला. तू रांगत होतीस. आई म्हणाली, पोरीले मेलेला बाप नको दाखवू, ह्यायचे डोये उघड. मी ब्रश घेऊन प्रिंटपुढे बसलो, तर बाबांचे डोळे आठवेनात. शेवटी आरसा ठेवला आणि माझेच काढले. ज्यांना हात जोडून तू परीक्षेला जायचीस, ते हे डोळे.

तुझ्या साहेबांना सांग, मी माफी मागत नाही. लोभ आहेच, नसता तर भांडलो नसतो.

तुझा,
दादा


दादर, मुंबई
१८ मार्च १९७१

ती. दादास,

नमस्कार.

नेव्हिलच्या निगेटिव्हचा राग गेलेला नाही, जाणारही नाही. पण ही गोष्ट इतकी वर्षं लपवलीस, त्याचा त्याहून मोठा आहे. मुंबईला निघाले त्या दिवशी तू दारात उभा राहून नाही म्हणत होतास. मी बाबांच्या फोटोकडे बघितलं, तिथून हो आल्यासारखं वाटलं, म्हणून पिशवी उचलली. म्हणजे ते हो तूच म्हणालास, दादा. तुझं पत्र आलं तेव्हापासून ते हातात घेऊन रडतेय आणि तुला शिव्या घालतेय.

बाबांची निगेटिव्ह तू टाकली नसशील. या आठवड्यात येते. तिला हात लावू नकोस. डोळे मिटलेले बाबा मला बघायचेत, आणि प्रिंट मी काढीन. तू डार्करूमबाहेर थांबायचं.

लोभ आहे तेवढा पुरे. भिंतीवरचा फोटो मात्र उतरवू नकोस. इथे एकटी असते, मला भांडायला ते डोळे लागतात.

तुझीच,
पद्मजा