शेवंतामावशीकडे ठेवलेली कोथिंबीर

प्रिय आबा,

आणि तरीही मी म्हणतो, कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी सत्तरी ओलांडलेल्या आजीला तीन माळे उतरवायचं, ही काय रीत झाली? सगळा बाजार तू करून यायचास. कांदे, बटाटे, सुकट, सगळं पिशवीत. फक्त कोथिंबीर नाही. मग पलंगावर बसून कपाळाला हात! "विसरलो गे. आता तूच जा."

एक दिवस नाही, दोन दिवस नाही. रोज!

आज शुक्रवार, कामाला सुट्टी. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, म्हणून लिहितोय. आठवी नापास माणसाचं पत्र आहे, चुका काढत बसू नकोस.

गेल्या वर्षी मी सुट्टीवर काळाचौकीला घरी आलो, तेव्हा ह्यावरूनच आपलं वाजलं. विसरायला आजी लागली होती. डॉक्टरांनी तिचंच सांगितलं होतं, आत्ता सुरुवात आहे, जपा. आणि मी आईसमोर, धाकट्या बहिणीसमोर, सायलीसमोर तुला काय बोललो? "तिचं राहू दे आबा, तुझंच डोकं गेलंय." गॅलरीत शेजारीपण थांबून ऐकत होते. तू नुसता हसलास. "गप रव. तुका काय कळता?"

का नाही सांगितलंस तेव्हाच? एक वाक्य तर होतं!

तू अचानक गेलास, तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही. इथे कतारला परांच्या बांधतो मी, मध्येच सोडून येता येत नाही. मग इथूनच हुकूम सोडले. कमावता ना मी! आजीने खाली उतरायचं नाही. मऊ खुर्ची घ्या. बाई ठेवा. पाणी हातात, ताट हातात. म्हाताऱ्या माणसाला बसवून ठेवायचं, हीच आपल्याकडची माया. फोनवर आजी खुर्चीत दिसली की मला वाटायचं, बघ आबा, तुझ्यापेक्षा मी बरा.

सहा महिन्यांत तिचं बोलणंच आटलं. आधी चहात साखर घालायची विसरायची, आता चहा प्यायला हेच विसरायला लागली. एकदा फोनमध्ये माझ्याकडे बघून सायलीला विचारते, "हो कोणाचो गो?" आबा, मी दिवसभर उंचावर असतो, खाली बघून कधी भ्यालो नाही. त्या दिवशी खाटेवर बसल्या जागी भ्यालो.

मग गेल्या आठवड्यात सायली लालबागला भाजीला गेली. तुझी ती भाजीवाली शेवंतामावशी म्हणाली, "आजीला का नाय आणत? आबांनी मला कामाला लावलेलं ना."

"कसल्या कामाला?"

"अगं, रोज जुडी घ्यायचे, पैसे द्यायचे आणि इथंच ठेवून जायचे. म्हणायचे, म्हातारी येईल. तिने नाव घेतल्याशिवाय द्यायची नाय. अडली तर तू गप उभी राहा."

सायलीने हे मला फोनवर सांगितलं. विसरत नव्हतास तू! डॉक्टरांनी म्हटलं होतं ना, चालतं ठेवा, डोक्याला काम द्या. आम्ही गोळ्या घरी आणल्या. ते वाक्य घरी आणलंस तू एकट्याने.

परवा सायलीने आजीला उतरवलं. हातात काठी, दर माळ्यावर थांबा. सायलीने फोन चालू ठेवलेला, मी इथून बघतोय. मावशीने जुडी टोपलीमागे सरकवली आणि ढिम्म उभी राहिली. आजी वांगी बघते, मिरच्या बघते, मावशीच्या तोंडाकडे बघते. मागचं गिऱ्हाईक कंटाळलं. "आजी, बोला ना काय पायजे ते." मावशी त्याच्यावरच खेकसली, "घाई असेल तर पुढच्या गाडीवर जा!"

आणि आजी बोलली, "कोथमीर दी. आमच्या ह्यांनी ठेवलेली हा ती."

आबा, मी इथे असा ओरडलो की शेजारच्या खोलीतले धावत आले!

जुडी हातात घेऊन आजी काय म्हणाली ऐक. "एवढीशीच? पैशे तर पुरे घेतलस!" वर येताना दुसऱ्या माळ्यावर दम खायला टेकली, फोनमध्ये बघितलं आणि म्हणाली, "संत्या, बारीक झालंस रे."

नाव घेतलं तिने.

पूर्ण बरी होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. एखाद्या दिवशी नाव येईल, एखाद्या दिवशी नाही. पण जिना ती रोज उतरणार, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. बाईला काढलं नाही, तिचं काम बदललं. आणून द्यायचं नाही, बरोबर चालायचं. मऊ खुर्ची आता दुसऱ्या माळ्यावर ठेवलीय, आजीला दम लागला तर. आणि डोकं तुझं नाही, माझं गेलं होतं. झालं समाधान?

गणपतीला येईन तेव्हा मी तिच्या मागून उतरेन. पिशवी तिच्या हातात असेल. मावशीसमोर ती अडली, कितीही वेळ अडली, तरी मी तोंड उघडणार नाही. मला गप्प उभं राहणं किती जड जातं, तुला माहीत आहे. तरी शब्द देतो.

जुडी तशीच बाजूला ठेवायला मावशीला सांगितलंय, रोज दहाची. ह्या महिन्याचे तीनशे रुपये आजच पाठवतोय.

तुझा
संत्या